घरचे चोरीस: रगडा, नरसाळं आणि गावठी डुक्कर

वेंगुर्ल्याच्या आजोळचं घर आवरताना तुम्हाला माळ्यावर दगडी रगडा, मोठ्या तोंडाचं पत्र्याचं नरसाळं आणि चिनी मातीची झाकणाची बरणी मिळाली. मावशी म्हणाली, आजी दर वर्षी यातच चोरीस, म्हणजे आतड्यात भरलेले डुकराच्या मांसाचे गोव्याकडचे सॉसेज, करायची. दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या एका ओळखीच्या माणसाकडून गावठी डुकराचं मांस मिळण्यासारखं आहे. आता तुम्ही विचारताय की मशीन आणि मिक्सर न वापरता, पुण्याहून सुट्टीला येऊन हे जमेल का, आणि गावठीच डुक्कर हवं का.

जमेल. मी सावंतवाडीजवळ राहते आणि गेली चौतीस वर्षं घरी चोरीस करते. शिकले सासूकडून. ती उत्तर गोव्यातल्या बार्देशची, आम्ही तिला मांय म्हणायचो. वजनकाटा तिने कधी वापरला नाही, पण मी पुढे तिच्या हाताची मापं मोजून लिहून ठेवली. खाली देते ती मापं त्यातलीच.

आधी एक गोष्ट पक्की धरा, म्हणजे बाकीच्या पायऱ्या आपोआप कळतील. चोरीस म्हणजे मांसातलं पाणी बाहेर काढायचं आणि त्याच्या जागी शिर्का, म्हणजे व्हिनेगर, आत घालायचा. मीठ, वजन, ऊन आणि धूर हे सगळे पाणी काढण्यासाठी. मिरची आणि लसूण चवीला आहेत, टिकायलाही थोडी मदत करतात. आतडं हे फक्त पिशवी आहे. नवीन माणसं सगळी काळजी पिशवी भरण्याची करतात आणि पाण्याकडे दुर्लक्ष करतात. मग आठव्या दिवशी चोरिसांची माळ हिरवी पडते.

आता डुक्कर. गावठीच हवं असं माझं म्हणणं नाही, पण चरबी घट्ट हवी यावर मी अडून बसेन. चोरीसमध्ये साधारण सात भाग मांस आणि तीन भाग चरबी लागते. ही चरबी उन्हात वितळली की माळेतून तेल ठिबकतं आणि आत कोरडा चोथा राहतो. आणि चरबी घट्ट की मऊ हे डुक्कर काय खातं त्यावर ठरतं. गाईम्हशींच्या पोटात चारा आंबतो, त्यात तेलाचं रूप बदलून जातं. डुकराचं तसं होत नाही. ते ज्या प्रकारचं तेल खातं, बऱ्याच अंशी त्याच प्रकारची चरबी अंगावर चढते. शेंगदाण्याची पेंड किंवा नुसता भाताचा कोंडा जास्त खाल्लेल्या डुकराची चरबी मऊ आणि तेलकट होते. खोबऱ्याची पेंड खाल्लेल्याची पांढरीशुभ्र आणि टणक. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं डुकराला पेज, फणसाची चारखंडं आणि घाण्यावरची खोबऱ्याची पेंड घालत. त्यांना यामागचं रसायन सांगायला कोणी आलं नव्हतं, पण चरबी त्यांनी बरोबर ओळखली होती.

माझी एक खेप पूर्ण वाया गेली ती याच कारणाने. एका विक्रेत्याने काळ्या कातडीचं मांस दाखवून गावठी म्हणून दिलं. चरबी जरा पिवळट होती, बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. माझ्या ते लक्षात आलं होतं, तरी सणाच्या घाईत मी घेतलं. चोरीस भरून, वाळवून, पहिले चार तव्यात टाकले आणि घरभर बांगड्याच्या खाऱ्याचा वास सुटला. ते डुक्कर मासळीच्या टाकाऊवर पोसलेलं होतं. दहा किलो मांस माडाच्या आळ्यात पुरलं. तेव्हापासून मांस घेण्याआधी मी चरबीचा सुपारीएवढा तुकडा मागून घेते आणि घरी येऊन कढईत वितळवून वास घेते. वास चांगला आला तरच ऑर्डर देते. खच्ची न केलेल्या नराच्या मांसाला जो उग्र, मुतासारखा दर्प असतो तोही थंड मांसात कळत नाही, गरम झाल्यावरच वर येतो. म्हणून तुमच्या काणकोणच्या माणसाला दोनच प्रश्न विचारा: नर असेल तर लहानपणी खच्ची केला होता का, आणि शेवटचे दोन महिने खायला काय घातलं. या दोन्हींचं नीट उत्तर देणारा माणूस बहुधा डुक्करही नीट पाळतो.

गोव्याच्या गावठी डुकराला आता अधिकृत नाव आहे: आगोंद गोअन. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे ती स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदलेली आहे, आणि आगोंद हे गाव काणकोण तालुक्यातलंच, म्हणजे तुमच्या मांसाच्या वाटेवरचं. बहुतेक काळं, आडव्या बांध्याचं, सावकाश वाढणारं जनावर. सावकाश वाढल्यामुळे मांस गडद आणि आवळ असतं, मीठ लावल्यावर कमी गळतं. फार्मवरचं पांढरं यॉर्कशायर भरभर वाढतं, त्यात मांस जास्त आणि चरबी बेताची. त्याचेही चोरीस होतात, मी केले आहेत. मात्र पाठीची चरबी वेगळी विकत घ्यावी लागते आणि पाणी काढायला एक दिवस जास्त द्यावा लागतो. चवीतला फरक मला कळतो. तुमच्या पाहुण्यांना कळेलच असं नाही.

गावठी या शब्दाच्या प्रेमात पडून एक गोष्ट विसरू नका. मोकाट फिरणारं डुक्कर मला चालत नाही. जुन्या गोव्यात संडासाखाली डुक्कर असायचं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि पट्टकृमीचा (टेपवर्मचा) फेरा त्यातूनच चालू राहायचा. माणसाच्या विष्ठेतली अंडी डुकराच्या पोटात जातात आणि मांसात साबुदाण्याएवढे, पाणी भरलेले पांढरट फोड धरतात. मांस कापताना असा एक जरी फोड दिसला तर तो काढून पुढे जायचं नाही, सगळं मांस फेकायचं. म्हणून कुंपणात वाढवलेलं जनावर घ्या आणि परवाना असलेल्या कत्तलखान्यातून, पशुवैद्याने तपासलेलं मांस घ्या. अंगणात डुक्कर मारण्याच्या भरीला पडू नका, आजीच्या काळात ते होत असलं तरी. आणखी एक. मांस धुतलेलं पाणी, कातडीचे तुकडे कुणाच्या डुकरांपुढे टाकू नका. २०२० साली आसामात आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला. माणसाला त्याने काही होत नाही, पण तो मांसाच्या उष्ट्यातूनही पसरतो आणि गावंच्या गावं रिकामी करतो.

तुमच्या सामानाबद्दल. रगडा उत्तम. मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ दोन-तीन वेळा वाटून फेकून द्या, पीठ पांढरं निघालं की दगड स्वच्छ झाला. बरणीला आतून चीर किंवा चकाकी उडालेली जागा असेल तर ती लोणच्यालाही वापरू नका, शिर्का त्या भेगेत मुरतो आणि दर वेळी जुना वास देतो. नरसाळं नीट बघा. जुन्या पत्र्याच्या सांध्यांना शिशाचं डाग दिलेलं असतं, आणि पितळेचं असेल तर आंबट मसाल्याने हिरवा कळंक धरतो. पितळेला कल्हई करून घ्या. पत्र्याचं असेल तर ते भिंतीवर आठवण म्हणून टांगा आणि त्याच मापाचं स्टीलचं करून घ्या. नळीचं तोंड तुमचा अंगठा सहज आत जाईल एवढं हवं, कारण भरायचं अंगठ्यानेच आहे.

मांस कापायला खिमा यंत्र नको, आणि हा हट्ट नुसता जुन्याच्या मायेपोटी नाही. यंत्रात चरबी चेपली जाते, तिचं लोणी होऊन मांसाच्या कणांवर पातळ थर बसतो आणि मग आतलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही. धारदार सुरीने कापलेले तुकडे सुटे राहतात. अंगठ्याच्या पेराच्या निम्मे, चरबीचे त्याहून थोडे लहान. मांस चांगलं थंड असताना कापा. हात गरम वाटू लागले की थांबा, मांस परत फ्रीजमध्ये ठेवा.

५ किलो बिनहाडाच्या मांसाला १५० ग्रॅम मीठ. तुकड्यांना चोळायचं, बांबूच्या टोपलीत किंवा चाळणीत घालायचं, वर ताट आणि ताटावर वजन. मांय वरवंटा ठेवायची. एक रात्र गेली की खाली गुलाबी पाणी साचतं, ते फेकून द्यायचं. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री ती हे सैपाकघरात उघड्यावर करत असे. तुम्ही करू नका. वजनासकट टोपली फ्रीजमध्ये ठेवा, पूर्ण चोवीस तास. फ्रीजच्या कोरड्या हवेने काम उलट चांगलं होतं.

मसाला आदल्या दिवशी भिजवायचा, आणि इथे पाण्याचा एक थेंबही चालत नाही. मिरच्या शिर्क्यात भिजवा, वाटताना लागेल तसा शिर्काच शिंपडा, रगड्यावरचा मसाला निपटून घ्यायलाही शिर्काच. ५ किलोला सुक्या मिरच्या २०० ते २५० ग्रॅम, बिया काढून. काणकोणची खोला मिरची मिळाली तर तीच घ्या, तिला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा रंग शिर्क्यात सुरेख उतरतो. नाही मिळाली तर निम्मी काश्मिरी, निम्मी ब्याडगी. लसूण १२५ ग्रॅम, आलं ६०, जिरं २०, मिरी २०, हळद १५, दालचिनी ८, लवंग ५. शिर्का सगळा मिळून ६०० मिलिलिटरच्या आसपास. शेवटी छोटी वाटीभर माडाची फेणी.

रगड्यावर याला दोन तास लागतात. आधी मिरच्यांची सालं कुरकुरतात, बत्ता अडकत अडकत फिरतो. तासाभराने आवाज बदलतो, जड आणि ओला होतो, आणि मसाला दगडाच्या कडेने चिकटून वर चढू लागतो. मांय तो अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळायची. साल लागली तर काही न बोलता पुन्हा बत्ता हातात द्यायची. मिक्सर मिरची कापतो, दगड ती चिरडतो. चिरडलेल्या मसाल्याचा लेप तुकड्याला धरून बसतो, कापलेला मसाला शिर्क्याबरोबर तळाला जातो. हा फरक खरा आहे, मी दोन्ही शेजारी शेजारी करून पाहिलं आहे.

शिर्क्यात काटकसर नको. माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा, असावा, तीन-चार आठवडे मातीच्या भांड्यात आंबलेला. आमच्याकडे रेंदेराकडून, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याकडून, ती आणली की तिच्यात तापवून लाल केलेला कौलाचा तुकडा टाकायची पद्धत होती. बाटलीतला पांढरा सिंथेटिक व्हिनेगर नुसता टोचतो, त्याला मागची गोडी नाही. या पदार्थाचा मूळ पुरुष पोर्तुगालचा शोरिसु. तिथे वाइन, लसूण, गोडसर लाल मिरचीची पूड आणि धूर. १५१० नंतर तो गोव्यात आला तेव्हा इथे द्राक्षं नव्हती, माड होते. वाइनची जागा सुरेच्या शिर्क्याने घेतली. मिरचीही पोर्तुगीजांनीच अमेरिकेकडून आणलेली, पण आपण ती त्यांच्यापेक्षा कितीतरी पट घातली. तिकडे घरचं डुक्कर ऐन हिवाळ्यात मारतात, कारण थंडीत मांस टिकतं. आपला हिशोब पावसाळ्याचा. जूनच्या आत चार महिन्यांची बेगमी व्हायला हवी, म्हणून मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला पुरुमेंताचं फेस्त म्हणतात आणि तिथे सुकी मासळी, मिरच्या, कोकम यांच्याबरोबर चोरिसांच्या माळा लागतात.

मसाला चोळलेलं मांस बरणीत दाबून भरा, फ्रीजमध्ये दोन ते तीन दिवस, रोज एकदा स्वच्छ लाकडी पळीने वरखाली. तुम्ही पहिल्यांदाच करताय, म्हणून माझा आग्रह आहे की मसाल्याबरोबर क्युअरिंग सॉल्ट घाला. ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असलेलं, किलोला २.५ ग्रॅम, म्हणजे ५ किलोला १२.५ ग्रॅम. काट्यावर मोजून, अंदाजाने कधीच नाही. हवाबंद, ओलसर, कोमट मांसात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि ६०० मिलिलिटर शिर्का एकटा त्यांना थोपवायला पुरत नाही. आणि हे मीठही गुलाबी रंगाचं येतं. आपल्याकडे गुलाबी मीठ म्हटलं की लोकांना सैंधव आठवतं. दोन्ही पूर्ण वेगळी आहेत. डब्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा आणि तो सैपाकघराच्या फळीवर ठेवू नका.

आतडी डुकराचीच, लहान आतडं. ताजी मिळाली तर उलटी करून, सुरीच्या बोथट कडेने आतला बुळबुळीत थर खरवडायचा. अर्धपारदर्शक कातडी उरेपर्यंत. मग मीठ, लिंबू, शेवटी शिर्का, आणि प्रत्येक वेळी भरपूर पाणी. हे वेळखाऊ काम आहे. मीठ लावलेली तयार आतडी मिळत असतील तर मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. तासभर कोमट पाण्यात भिजवून आतून पाणी सोडा, भोक असेल तिथे कारंजं दिसेल. तिथे कापून टाका.

भरण्याआधी दोन तुकडे तव्यावर पूर्ण शिजवून चाखा. मीठ आणि आंबटपणा नेहमीच्या भाजीपेक्षा ठळक लागायला हवा. नाही लागला तर आत्ताच घाला.

मांय भरायला बसली की पाटावर बसून नरसाळं डाव्या मुठीत उभं धरायची, आतडं मोज्यासारखं नळीवर चढवलेलं. उजव्या हाताने चार तुकडे टाकायचे, अंगठा आत, एक दाब, अंगठा बाहेर. लिंबाच्या झाडाचा लांब काटा तिच्या पदराला टोचलेला असे. आत हवेचा फुगा दिसला की तोच काटा उपसून टोचायची आणि बोटाने हवा बाहेर काढायची. हवा राहिली तिथे बुरशी धरते. भरलेल्या आतड्याला दर दोन-दोन बोटांवर सुती दोरा आवळून मणी पाडायचे. नायलॉन नको, मणी सुकून बारीक झाला की तो ढिला पडून घसरतो. मणी लहान असावेत. लहान मणी लवकर सुकतो, आणि आपल्या दमट हवेत लवकर सुकणं यातच सगळी सुरक्षितता आहे.

वाळवण डिसेंबर ते फेब्रुवारी. कडक ऊन, वर मलमलचा कपडा, संध्याकाळी घरात. तीन-चार दिवसांनी धुराला. आमच्या चुलीवर आडवा बांबू बांधलेला आहे, आगीपासून चार हात वर. धूर नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या सालीचा, आणि आंब्याच्या लाकडाचा. काजूची टरफलं जाळू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो आणि पदार्थावर बसतो. रंग लावलेलं फळकूटही नको. पुण्याच्या फ्लॅटमध्ये चूल नाही म्हणून खंत करू नका: उन्हानंतर माळा फ्रीजमध्ये एकमेकींना न चिकटवता आठवडाभर टांगा. धुराची चव नसेल, पण चोरीस चांगलेच होतील.

कधी उतरवायचे हे वजनावर ठरवा. भरल्या दिवशी एक माळ वजन करून तिला वेगळा दोरा बांधा. तिचं एक तृतीयांश वजन घटलं की झालं. वर पांढरी पावडरीसारखी बुरशी आली तर शिर्क्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. हिरवी, काळी, केसाळ किंवा बुळबुळीत दिसली, किंवा वास बिघडला, तर टाकून द्या. चाखून बघू नका. तयार माळ फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे, त्यापुढे फ्रीझरमध्ये. आजी पावसाळाभर चुलीवर टांगून ठेवायची, कारण तिची चूल दिवसातून दोनदा पेटत होती.

आणि हे मांस कच्चंच आहे, सुकलेलं दिसलं तरी. दोरा आणि आतडं सोडवून, कढईत अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा आणि वीस मिनिटं नीट उकळा. पाणी आटलं की स्वतःचीच लाल चरबी सुटते, तेल घालायचं नाही. त्यात भरपूर उभा चिरलेला कांदा, हवा तर बटाटा. पोईबरोबर (गोव्याचा पाव) किंवा उकड्या तांदळाच्या पुलावात.

पहिल्या वेळी ५ किलो करू नका, २ किलो करा. मापं त्या हिशोबात कमी होतील, फक्त वाटायला तासभर तरी लागेलच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मांस आलं तर नाताळपर्यंत माळ उतरते. मावशीला वाटायला बसवा. तिला रगड्याचा आवाज ओळखता येत असेल.